धूर खाणारी पूड

मला शहाणी म्हणायची गावाला फार हौस होती. मलाही ती ऐकून घ्यायची तेवढीच हौस. त्या हौसेपायी काय झालं ते सांगते.

२००९चा मार्च. मी कणकवलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि इकडे किनाऱ्यावर, आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, कोळशावरचा वीजप्रकल्प येऊ घातला होता. गाव मच्छीमारांचं. धूर आणि राख समुद्रावर पडणार म्हणून सगळ्यांचा विरोध. तेव्हा कंपनीने मला हाताशी धरलं, आणि मीही आनंदाने धरू दिलं.

काम असं होतं. टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनो पूड काचेच्या नळ्यांना आतून लावायची, नळ्या उन्हात ठेवायच्या आणि त्यांतून चिमणीचा धूर न्यायचा. केसाच्या चार हजाराव्या भागाएवढे ते कण उन्हाच्या जोरावर धुरातल्या कार्बन डायऑक्साइडचा मिथेन करतात, म्हणजे जाळायला उपयोगी पडणारा वायू. कसालच्या एका काजू कारखान्याच्या बॉयलरवर मी नळ्या बसवल्या. पहिल्याच दिवशी यंत्राने मिथेन दाखवला, तोही भरपूर. गावाने देवळात शाल-नारळ दिला. नॅनो म्हणजे लाखाची मोटार असं समजणारे म्हातारेसुद्धा 'आमची वर्षाली धूर खाणारी पूड करता' म्हणून पावण्यांना सांगू लागले. विरोध ढिला पडला. ग्रामसभेचा ठराव तेवढा उरला होता.

जी तपासणी सगळ्यात आधी करायची, ती मी सभेच्या आदल्या दिवशी केली. धूर बंद ठेवून नळ्यांतून नुसता नायट्रोजन सोडला. नायट्रोजनात कार्बन नाही, म्हणजे मिथेन यायचं कारण नाही. तो आला. आधी येत होता तेवढाच आला.

कॉलेजातले बाळाकाका मदतीला होते. त्यांना मी नळ्या खोलायला सांगितल्या. नळ्यांच्या तोट्या नुसत्या बोटाने फिरल्या आणि मला कारण कळलं. दमट हवेने त्या बसवतानाच जाम होत होत्या, कोल्हापूरहून यायचं ग्रीस आलं नव्हतं, म्हणून मीच म्हटलं होतं, "काका, खोबरेल लावा." आमच्या घरी कुलूप अडो, कोयंडा अडो, खोबरेलाचं बोट लागतं. ते तेल काचेवरून सरकत पुडीपर्यंत पोचलं होतं. पूड धूर खातच नव्हती. महिनाभर ती आमचं खोबरेल खात होती आणि मी हार घालून घेत होते.

कंपनीच्या साहेबांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, संशोधनात असं होतंच. नंतर पुन्हा करा. उद्या फक्त घोळ घालू नका." खरं सांगते, मला त्यांचा राग आला नाही. कुणीतरी गप्प बसायला सांगितलं म्हणून सुटल्यासारखं वाटलं.

ग्रामसभा शाळेत भरली. मला साहेबांशेजारी खुर्ची दिली होती. बहुतेकांचं ठरलं होतं. अडून होते ते फक्त इद्रीसभाई. त्यांची होडी गावात सगळ्यात जुनी, आणि ते 'नाय' म्हणाले तर निम्मं बंदर त्यांच्यामागे जाणार होतं. ते उभे राहिले.

"वर्षाली, माका एकच सांग. ती पूड धूर खाता काय नाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी आई मथुरा पहिल्याच रांगेत होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. मी उठले आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "प्राथमिक निष्कर्ष समाधानकारक होते. पुढील चाचण्या चालू आहेत."

इद्रीसभाईंना त्यातलं काही कळलं नाही. ते आईकडे वळले. तीस वर्षं त्यांच्या होडीची मासळी तीच विकत आली होती.

"मथुराबाय, ही काय म्हणता?"

"हो म्हणता," आई म्हणाली. "माझा चेडू खोटा सांगूचा नाय, इद्रीसभाय." आणि तिने हात वर केला.

"तू माझी मासळीची पाटी कधी उपडी करून बघूक नाय," ते म्हणाले. "मी पण बघूचंय नाय." मग त्यांचाही हात वर गेला, आणि त्यांच्यामागे सगळ्या बंदराचा.

मी तेव्हाही बोलू शकले असते. हात मोजायला चांगली पाच मिनिटं लागली.

घरी जाताना वाटेत मी आईला सगळं सांगितलं. खोबरेलाचंही. ती थांबली.

"मगे माझो हात वर जायच्या आधी कित्याक नाय सांगलंस?"

"माका लाज वाटली, आये."

पदर खोचून ती बंदराच्या वाटेला लागली.

"खंय चललंस?"

"इद्रीसभायक सांगूक."

"मी येतंय."

"तू नको," ती मागे न बघता म्हणाली. "तेणा हात माझ्या शब्दावर वर केल्यान, तुझ्या नाय."

ती गेली. सह्या झालेला ठराव तोवर कंपनीच्या गाडीतून ओरोसला, जिल्हा कचेरीकडे, निघाला होता.