चटईच्या दशा

"माझी चटई कुणी कातरली?" लोपेतीनं संगणकाच्या पडद्याजवळ तोंड नेलं.

लेसिएलीला आधी प्रश्नच कळला नाही. फोटोच्या दुकानात सकाळपासून चार तास ती याच एका फोटोवर होती. लोपेतीच्या आत्याच्या अंत्यविधीला अंगणात निळी ताडपत्री ताणली होती, त्यामुळे आत्या धरून बावीस माणसं निळी आली होती.

रंग सुधारायचे दोन मार्ग होते. सगळ्या फोटोवर एक पिवळसर थर ब्लेंड केला की दहा मिनिटांत निळेपणा जातो, पण सुतकाचे काळे कपडे तपकिरी दिसतात. या बेटावर, नुकुआलोफात, सुतकाचा तसा फोटो कोण घेईल? दुसरा मार्ग मास्कचा. एकेका माणसाभोवती हातानं रेघ काढायची आणि आतला तेवढाच रंग बदलायचा; रेघेबाहेर राहील ते मागच्या निळ्यात विरून जातं. तिनं मास्क घेतला. एकविसाव्या माणसापर्यंत मान अवघडली, डोळे चुरचुरायला लागले. शेवटी फोटोत कडेला उभ्या असलेल्या लोपेतीची पाळी आली, तेव्हा तिनं चटईच्या काठानं रेघ सरळ ओढून दिली.

"चेहरा झकास केलास गं. लग्नाला निघाल्यासारखा," तो म्हणाला. "पण कमरेची चटई बघ. काठ कसे नीटनेटके! जसा काही मी मानाचा, मयताच्या उशाशी बसणारा. आम्ही भावाची पोरं. आत्यापुढं आमची जागा चुलीपाशी."

 सुतकात कमरेला बांधायची भावाच्या मुलांची चटई जुनी, फाटकी, दशा लोंबणारी असते, हे लेसिएलीला कुणी सांगायला नको होतं. स्वतःच्या आत्यासाठी तिनं तशीच चटई दहा दिवस बांधली होती.

"एकेक दशा मास्कमध्ये घ्यायची म्हणजे उद्या उजाडेल, दादा."

"चारच्या विमानानं पुतणी ऑकलंडला जातेय. तिकडच्या धाकट्या भावाला व्हिसाच्या कागदांपायी येता आलं नाही, त्याच्यासाठी आहे हा. तो आधी चटई बघणार."

"मग ब्लेंड करू? कपडे तपकिरी होतील."

"नको. आणि मी एकटाच निळाही नको. काहीच नाही केलं तर?"

"सगळे निळे."

"राहू देत. ताडपत्री होती म्हणून फोनवर सांगेन. चटईचं सांगून पटत नाही."

ती एकेक मास्क बंद करत गेली. चार तासांचं काम मिनिटभरात पुसलं गेलं. आत्याच्या मास्कशी आली तेव्हा लोपेती म्हणाला, "थांब. जरा मोठी कर तिला. दोन दिवस चुलीशी होतो, फोटोपुरता कडेला आलो, तोंड पाहिलंच नाही."

तिनं मोठं केलं. तो खुर्ची ओढून पडद्यासमोर बसला.

"हिचा रंग राहू दे?" तिनं विचारलं.

"हिच्या काठाला दशा नाहीत ना?"

"नाहीत. नव्या चटईवर निजलीय."

"मग राहू दे."

हातभर रुंद फोटो छापून आला. एकवीस माणसं निळी आणि मधोमध एक बाई आपल्या रंगाची. लोपेतीनं पिशवी नाकारली, फोटो दोन्ही तळव्यांवर आडवा घेतला आणि दारातून तिरका होऊन बाहेर पडला.