मार्सेलाचं प्रेत

“मार मला, खुशाल मार. फक्त प्रेत दाखवू नकोस.”

लेनोरच्या स्वयंपाकघरात बसून मी अक्षरशः तिच्या हातापाया पडत होते. लेनोर शॅट्झ ही आमच्या मालिकेची मुख्य लेखिका. ब्रायरपोर्ट नावाच्या गावात कोणी कोणाशी लग्न करायचं, कोणाची स्मृती जायची आणि कोणी मरायचं, हे ती त्या टेबलाशी सिगरेटी ओढत ठरवायची आणि अर्ध्या अमेरिकेतल्या बायका दुपारी इस्त्री करता करता ते बघायच्या. गावातली सगळ्यात नालायक बाई, मार्सेला थॉर्न, मी नऊ वर्षं रंगवत होते. भाजीच्या दुकानात एका म्हातारीने मला कोबी फेकून मारला होता. आमच्या धंद्यात याला मानसन्मान म्हणतात.

“माझ्यावर कशाला चिडतेस, रोझलिन?” लेनोर म्हणाली. “डेक्स्टरने सांगितलंय. पुढच्या महिन्यात मार्सेला खलास. तुला कोणी सांगितलं होतं सुट्टी मागायला?”

डेक्स्टर हॉलोवे आमचा निर्माता. एका नाटकात काम करायला मी त्याच्याकडे उन्हाळ्यात थोडी सुट्टी मागितली होती. तो गोड हसून म्हणाला, “घे की, हवी तेवढी घे.” डेक्स्टर गोड हसला की माणसाने आपलं सामान बांधायला घ्यावं, हे स्टुडिओतल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. मीच तेवढी पाघळले.

आता प्रेताचं सांगते. आमच्या मालिकांमध्ये मरण असं सहजासहजी लागू होत नाही. डॉक्टरने सांगितलं, अंत्यविधी झाला, थडग्यावर नाव कोरलं, तरी प्रेक्षक त्यावर विश्वास ठेवत नाही. मार्सेलाच्या पहिल्या नवऱ्याला आम्ही बंद पेटीत घालून पुरलं होतं, आणि दोन वर्षांनी तो दाढी वाढवून तिच्याच लग्नात येऊन उभा राहिला. कोणी चकार शब्द काढला नाही. पण प्रेत एकदा डोळ्यांनी दिसलं, की संपलं. मग जुळी बहीण सोडून दुसरा उपाय नाही, आणि मार्सेलाची जुळी बहीण आम्ही आधीच वापरून टाकली होती.

माझी चाळिशी उलटलेली. रंगभूमीवर या वयाच्या बाईला नवरीची आई करतात, नाहीतर नर्स. मार्सेला गेली तर माझ्याकडे नाव घेण्यासारखं काही उरत नव्हतं. म्हणून निदान तिला परतायची वाट मोकळी ठेवायची, एवढीच माझी धडपड होती.

लेनोरने माझ्याकडे बघत एक झुरका घेतला. “गाडी पुलावरून नदीत. चालेल?”

“नदी खोल आहे ना?”

“माझीच नदी आहे. हवी तेवढी खोल करते. फक्त तुझा फरचा कोट सापडेल. डेक्स्टरला म्हणेन, प्रेताच्या देखाव्याला वेळ पुरला नाही.”

मी तिच्या सिगरेटचा वास मारणाऱ्या गालाचा मुकाच घेतला.

चित्रीकरणाच्या दिवशी मात्र डेक्स्टर स्वतः खाली उतरला. नदीकाठ मांडलेला होता, म्हणजे एक ताडपत्री, थोडी माती आणि कुंडीतली झुडपं. कोट पडला होता. डेक्स्टर म्हणाला, “इथे एक हात पाहिजे. झुडपातून बाहेर आलेला. रोझलिन, आडवी हो.”

“हात म्हणजे प्रेत झालं!” मी ओरडले.

“नुसता हात आहे बाई, धड कुठे मागतोय?”

झालं, सगळं काम थांबलं. हाताला प्रेत म्हणायचं की नाही? दिग्दर्शक म्हणाला, म्हणायचं. प्रकाशयोजनावाला म्हणाला, मागे एका मालिकेत पाय दिसला होता आणि तो माणूस परत आला. मेकअपवाली म्हणाली, तो पाय भावाचा निघाला. शेवटी सगळ्यांनी गिल्बर्टला बोलावलं. गिल्बर्ट आमचा निवेदक, रेडिओच्या काळापासून या धंद्यात. दिवसभरात तो चार वाक्यं बोलायचा, पण ती देवळातल्या घंटेसारखी. काचेच्या खोलीतून तो हातात सँडविच घेऊन बाहेर आला, माझा हात पाहिला, विचार केला.

“बोटात अंगठी असेल तर प्रेत,” तो म्हणाला. “अंगठी नसेल तर हात कोणाचाही असू शकतो.”

यावर अपील नव्हतं. मी तिथल्या तिथे मार्सेलाची अंगठी ओढून काढली आणि झुडपात आडवी झाले. इतकं समाधानाने मी आयुष्यात कधी मेले नव्हते.

नाटक त्याच उन्हाळ्यात आलं आणि एका आठवड्यात गेलं. एका समीक्षकाने लिहिलं की रोझलिन वोझ्नियाक रंगमंचावर असं बघते, जणू आत्ता कोणाला तरी विष घालणार आहे. भूमिका ग्रंथपालाची होती.

तेवढ्यात माझ्या गावाहून, स्क्रँटनहून, आईचा फोन. माझी आई हेलेन मालिका पहिल्या दिवसापासून बघायची, पण माझ्या बाजूने कधी नाही. एरवीचा आमचा फोन असा असायचा:

“त्या बयेने काल सासूच्या औषधात काय मिसळलं, पाहिलंस का?”

“आई, मीच मिसळलं.”

“म्हणून तर तुलाच विचारते. लाज कशी वाटली नाही?”

या वेळी मात्र तिचा सूर वेगळा होता. “मेली का गं ती खरंच? प्रेत नाही दाखवलं.”

“नाही दाखवलं,” मी म्हटलं.

“मग ठीक. निर्लज्ज होती मेली, पण ती गेल्यापासून तिथे सगळे सुखात आहेत. दिवसभर एकमेकांना कॉफी देतात. अशाने इस्त्री कशी व्हायची माणसाकडून?”

मग आईने कंबर कसली. चर्चच्या तळघरात शुक्रवारी पिएरोगी, म्हणजे आमच्या पोलिश करंज्या, वळायला बसणाऱ्या बायकांना तिने पत्रं लिहायला बसवलं. मजकूर तिनेच सांगितला, कारण मिसेस टॉमचिकला पाल्हाळ लावायची सवय. बायकांनी आपापल्या बहिणींना, नणंदांना, विहिणींना कळवलं. डेक्स्टरच्या कचेरीतल्या मुलीने मला गुपचूप फोन केला. “पत्रांची पोती येताहेत, मिस वोझ्नियाक! ओहायोहून, आयोवाहून. साबणवाल्यांचे लोकही घाबरलेत.” मालिकेचा खर्च एक साबण कंपनी करायची. साबणवाले घाबरले की डेक्स्टरला झोप लागत नाही.

हिवाळ्यात मला एका फिरत्या नाटकात नवरीच्या आईचं काम आलं. वर्षभराचं, पक्कं. मी नाही म्हटलं. उद्या मार्सेलाचं बोलावणं आलं आणि मी कॅन्ससमध्ये लेकीचा झगा सावरत उभी असले तर? माझा एजंट म्हणाला, “डेक्स्टर बोललाय का तुझ्याशी?” मी म्हटलं, “बोलेल. न बोलून जातो कुठे?”

ईस्टर उलटला आणि टीव्हीच्या मासिकात छापून आलं: या आठवड्यात ब्रायरपोर्टमध्ये एक ओळखीची बाई परतणार! आईचा फोन लगेच. “इकडे ये. बायका जमणार आहेत. तुझ्याबरोबर बसून बघायचं आहे त्यांना.”

मला फोन आलेला नव्हता. आमचं चित्रीकरण प्रसारणाच्या कितीतरी दिवस आधी होतं, हे मी नऊ वर्षं जाणत होते. तरी बसमध्ये बसून मी स्वतःची समजूत घालत होते: आधी नुसती सावली दाखवतील. पाठमोरी कोणीतरी उभी करतील. चेहऱ्याची वेळ आली की डेक्स्टर येईल शेपूट घालून. इतकी वर्षं लेनोरची वाक्यं बोलून माझी अक्कलही तिच्या वळणावर गेली होती.

आईच्या बैठकीत खुर्च्या मांडल्या होत्या. सात-आठ बायका, खसखशीचा रोल, कॉफी. मला मधली खुर्ची. मिसेस टॉमचिकने माझा गालगुच्चा घेतला, चाळीस ओलांडलेल्या बाईचा. “आम्ही आणलं तुला परत. सांग त्या तुझ्या न्यूयॉर्कवाल्यांना.”

मालिका सुरू झाली. स्वित्झर्लंडमधला एक मठ. पलंगावर एक बाई, सगळ्या चेहऱ्यावर पट्ट्या. एक नन हातात कात्री घेऊन उभी.

“अगं बाई!” मिसेस टॉमचिक किंचाळली. “हीच! आणि बघा, आम्हाला काही म्हणता काही बोलली नाही! कधी केलंस गं हे काम?”

बायका वळून वळून माझ्याकडे बघायला लागल्या. कोणी डोळा मारला. आईने तर चक्क माझ्या पाठीवर हात ठेवला. नऊ वर्षांत मला विष घालताना, आग लावताना, पाळण्यातलं बाळ पळवताना बघून तिने कधी ठेवला नव्हता. मला सांगायला हवं होतं. पण तो हात पाठीवरून जाऊ नये असं वाटत होतं, म्हणून मी हसले, आणि पट्ट्यांमधून दिसणाऱ्या डोळ्यांकडे बघत बसले. ते डोळे निळे होते. माझे तपकिरी. टीव्ही काळा-पांढरा असता तर अजून मिनिटभर सुखात गेलं असतं.

शेवटची पट्टी गळून पडली. आरशासमोर एक तिशीतली बाई, सुरेख, आणि अगदी माझ्यासारखी भुवई उचललेली. तेवढ्यात गिल्बर्टचा आवाज आला, तोच घंटेसारखा शांत:

“मार्सेला थॉर्न यांची भूमिका यापुढे ॲव्हरिल क्रेन सादर करतील.”



“असं कसं?” मिसेस टॉमचिक म्हणाली. “आम्ही तर लिहिलं होतं. सगळ्यांनी लिहिलं होतं, मार्सेलाला परत आणा.”

“रोझलिनलाच आणा म्हणून कोणी लिहिलं नाही?” आईने विचारलं.

“तुम्हीच सांगितलात ना मजकूर, हेलेन. एकच ओळ लिहा म्हणालात.”

आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती माझ्याकडे बघू शकली नाही. मला रडू फुटलं, आणि ते मार्सेलाचं नव्हतं. मार्सेलाच्या डाव्या डोळ्यातून एकच थेंब ओघळतो, मला मात्र नाक पुसायला रुमाल सापडेना. पत्रं पोचली होती. डेक्स्टरने एकेक शब्द पाळला होता. हात कोणाचाही असू शकतो म्हणून मीच भांडले होते, आणि तो दुसरीचा निघाला होता. तक्रार करायची कोणाकडे?

आई उठली. “बंद करते हा मेला डबा,” ती म्हणाली आणि टीव्हीपाशी गेली.

तिचा हात बटणावर होता, एवढ्यात पडद्यावरची ती बाई ननचं मनगट धरून हळू म्हणाली, “माझा नवरा दुसरं लग्न करतोय. त्याला कळता कामा नये, मी जिवंत आहे.”

आईचा हात तिथेच राहिला.  मग आई उलट्या पावलांनी मागे आली, माझ्याशेजारी बसली आणि नजर न हलवता तिने माझा हात आपल्या मांडीवर घट्ट धरला.

“काय करेल गं ही आता?” ती कुजबुजली. “लग्नात जाईल का?”

इतकी वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर आधीच पाठ करून बसलेली असायचे, आणि काही झालं तरी आईला सांगायचे नाही.

“माहीत नाही, आई,” मी म्हटलं. “मिसेस टॉमचिक, जरा डोकं बाजूला घ्या.”