त्रेसष्टावा प्रबंध

आर्णीच्या बसस्टँडजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. बासष्ट प्रबंध टाइप केले आजवर. ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा या जिल्ह्यात मी एकटाच, आणि तेही पोटासाठी. पीएच.डी. मिळाली त्यांना, चष्मा लागला मला. त्यातलं एखादं वाक्य कोणी घरी बायकोशी बोललं असतं, तर तिनं त्याला दवाखान्यात नेलं असतं.

त्रेसष्टावा वर्षा नावाच्या पोरीचा. तिची आई मानीबाई बंजारा तांड्यावर ढावलो गाते, म्हणजे नवरी सासरी निघताना रडत गायची गाणी. विषय तोच. मी मान खाली घालून बसलो आणि प्रस्तावनेच्या दुसऱ्याच पानावर मला हसू फुटलं. पोरीनं लिहिलं होतं: 'आईचं गाणं समजावं म्हणून मी चाळीस पुस्तकं वाचली. त्यानंतर ते समजेनासं झालं. या पुस्तकांत नवरी रडत नाही, तिच्याकडून अश्रुपात संपन्न होतो. तांड्यातल्या बाईनं पदर पुढे केला असता. विद्वानांनी तळटीप दिली.'

शेजारच्या गॅरेजमधून बबलूला बोलावून मी ते वाचून दाखवलं. तो पाना हातात घेऊन हसत उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या धंद्याचा आनंद झाला.

पुढे तिनं कुणाचं तरी साडेसात ओळींचं वाक्य उतरवलं होतं. 'विस्थापनात्मक स्त्रीजाणिवेच्या सांस्कृतिक पुनर्निर्मितीच्या परिप्रेक्ष्यात' असं काहीबाही. खाली तिचा शेरा: 'हे वाक्य आर्णीला धरलं तर क्रियापद पार नेरला उतरताना भेटतं. अर्थ एवढाच: पोरगी निघाली आणि रडली.'

ते वाक्य मी ओळखलं. चार वर्षांपूर्वी मीच टाइप केलं होतं. तिचे मार्गदर्शक जीवनसर, त्यांच्या पुस्तकातलं. पानाच्या तळाशी टीप होती, सरांचं नाव आणि पान नंबरासकट.

वर्षा टाइप झालेली पानं तपासायला आली, तसं मी विचारलं, "वर्षाताई, सरांची सही बाकी हाये ना?"

"हाये. उद्या शेवटची तारीख."

"मंग हे काढून टाका."

"नाही काढत. पाच वर्सं पोटात ठेवलं, भाऊ. अन् नावही नाही लपवत. उतारा घेतला त टीप द्या, हे त्याहीनंच शिकवलं."

त्याच दुपारी सर एका लग्नाला आर्णीत आले होते, ते जेवून सहीसाठी दुकानात टेकले. प्रस्तावना उघडली. पदराची ओळ वाचून हसले. साडेसात ओळींपाशी पोचले तेव्हा मी टायपिंग थांबवलं. सरांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं, मध्ये दोनदा दम घेतला, शेरा वाचला आणि पोट धरून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं.

"कोन गाढव हाये हे? असे लोक डॉक्टर होते कसे?"

वर्षाचा चेहरा उतरला. तरी तिनं बोट ठेवलं. "सर, खाली टीप हाये."

"टिपा कोनी वाचते काय, पोरी!" म्हणत सरांनी डोळे पुसले आणि प्रमाणपत्रावर सही ठोकली. "मस्त लिवलं. असंच लिवत जा."

त्यांची गाडी वळली तसे मी आणि बबलू टाळ्या देत हसलो. असा अडाणी विद्वान फुकटात पाहायला मिळाला होता. वर्षा मात्र हसली नाही. सहीचा कागद हातात धरून ती स्टुलावर बसून राहिली.

"काहून ताई? सही त झाली."

"सरांच्या त्या पुस्तकात तीनशे बारा टिपा हायेत, भाऊ," ती म्हणाली. "साऱ्या मीच लिवल्या. दोन उन्हाळे गेले माहे."