उमाच्या गळ्यातली डबी

मी एक जुनी चांदीची डबी आहे. एका बाजूने चेपले आहे, झाकण सैल झाले आहे, पण मला मोडीत घालायची भाषा माझ्यासमोर कोणी काढू नये. मित्रांनो, लिंगायत माणूस गळ्यात जे इष्टलिंग बांधतो, ते माझ्या पोटात राहते. ते गळ्यातून कधी उतरवायचे नसते.

उदगीरच्या सोनाराने मला घडवले आणि शिरूर अनंतपाळच्या संगप्पांनी मला आपल्या लेकीच्या, रुद्राणीच्या गळ्यात बांधले. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा रुद्राणी तलावाच्या कामावर गेली. तिथे इस्लापूरचा भुजंग मुकादम होता. तो मराठा. खडीच्या ढिगाशेजारी त्यांचे काय काय बोलणे झाले ते मला सगळे ठाऊक आहे, पण सांगणार नाही. दोघांनी लग्न केले आणि संगप्पांनी दार लावून घेतले.

इस्लापुरात सासूने, कावेरीबाईंनी, उंबऱ्यातच अडवले.

"गळ्यातलं काढ, मग चुलीला हात लाव."

"चूल ऱ्हाऊ द्या, आत्याबाई. हे निघायचं न्हाई."

रुद्राणीने अंगणात तीन दगड मांडले आणि तिथे भाकरी थापली. वर मला मुद्दाम पदराबाहेर ठेवले. मला तिचा फार अभिमान वाटला.

मग उमा जन्मली. रुद्राणी तिला घेऊन माहेरच्या मठात गेली, तर पंचाक्षरी स्वामी म्हणाले, बाप आपला नाही, लिंग बांधता येणार नाही. रुद्राणी ओली बाळंतीण, तरी ओट्यावरून हलली नाही.

"आई तर तुमचीच हाय ना? पोर काय एकट्या बापाची ऱ्हाते?"

शेवटी स्वामींनी लिंग बांधले. रुद्राणीने स्वतःचे लिंग कापडात गुंडाळून गळ्यात बांधले आणि मला लेकीला दिले. तिकडे कावेरीबाईंनी नातीचे जावळ माहूरला रेणुकेपुढे काढले. त्यावरूनही दोन्हीकडची माणसे कुजबुजलीच. कुजबुजू द्या!

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी संगप्पांनी मन घट्ट करून धाकट्या लेकीच्या लग्नाचे आवतण इस्लापूरला धाडले. पंगतीत उमा कावेरीबाईंना, इस्लापूरच्या आजीला, चिकटून बसली. एवढ्यात वाढणाऱ्या एका बाईने तिच्यापुढची पत्रावळ उचलली.

"ही मराठ्याची पोर. आधी आपली मान्सं जेवू द्या."

सगळी पंगत बघत राहिली. उमाने माझा दोरा धरला आणि डोक्यावरून काढायला लागली. मित्रांनो, मी सोनाराचे घाव सोसले आहेत, पण अशी कधी घाबरले नव्हते.

तिचा हात कावेरीबाईंनी पकडला.

"खबरदार, काढशील तर!" मग त्या बाईकडे वळून म्हणाल्या, "माझ्या भुजंगाची बी हाय अन् तुमच्या रुद्राणीची बी हाय. पत्रावळ खाली ठेवा, न्हाईतर आमी सगळेच उठून ऱ्हायलो."

संगप्पा पुढे आले. त्यांनी पत्रावळ परत मांडली आणि नातीला स्वतःच्या हाताने हुग्गी, गव्हाची गोड खीर, वाढली.

मित्रांनो, सरकारने नकाशावर रेघ हलवली आणि शिरूर उस्मानाबादचे लातूरचे झाले. त्याबद्दल गावाला कोणी टोचून बोलले नाही. एवढ्याशा पोरीला मात्र जो तो विचारतो, तू नक्की कोणाची? मला चिंचेने घासा, माझे झाकण नीट करून घ्या, मी अजून खूप वर्षे टिकेन. पण उमाला एक बाजू निवड म्हणू नका. तिला दोन घरे आहेत, आणि ती दोन्हीकडे पोटभर जेवते.