चांगला पाय

भिंगरीने आधी डाव्या पायावर उडी मारली. टाच जिथे टेकली तिथे फिजिओने खडूची खूण केली. मग उजव्या पायावर उडी. दुसरी खूण पहिलीच्या जेमतेम चार बोटं पुढे पडली.

"झाले की नाही जुळे भाऊ?" खुर्चीवर बसलेले मामा म्हणाले. "मॅडम, आता तरी हसा जरा."

फिजिओ हसली नाही. तिने टेप लावून दोन्ही अंतरं मोजली आणि उकिडवीच बसून राहिली. हॉलच्या मागच्या बाजूची ही खोली अरुंद होती. एका भिंतीला तपासणीचं टेबल, दुसऱ्या भिंतीला बर्फाची पेटी आणि मध्ये उड्या मारण्याइतकीच मोकळी जागा. भिंतीपलीकडे संघाचा सराव चालला होता. चेंडू भिंतीवर आदळला की खिडकीची काच थरथरायची.

गेल्या मोसमात भिंगरी याच हॉलमध्ये पडली होती. हँडबॉलमध्ये ती समोरच्या खेळाडूला चकवून जागच्या जागी गर्रकन वळायची, नाव त्यावरूनच पडलेलं. त्या दिवशी ती वळली, पण बूट जमिनीला चिकटून राहिला आणि डाव्या गुडघ्याच्या आतलं लिगामेंट तुटलं. सर्जनने तिच्याच मांडीमागच्या स्नायूची दोरीसारखी कंडरा काढून तिथे नवं लिगामेंट बसवलं. तेव्हापासून मामा टायरच्या दुकानाला कुलूप लावून, नखांत काळं घेऊन, तिला इथे आणत होते. भाची त्यांच्याकडेच लहानाची मोठी झाली होती.

परत खेळायला सोडण्याआधीची अट साधी होती. ऑपरेशन झालेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या उडीच्या निदान नव्वद टक्के भरायला हवी. दुखापतीआधी भिंगरी किती लांब उडायची हे कुणी मोजून ठेवलं नव्हतं, त्यामुळे तुलनेला तिचा दुसरा पाय तेवढा होता.

आज आकडा नव्वदच्या वर गेला होता. फिजिओला खटकलं ते उतरणं. पूर्ण जोर लावून मारलेली उडी संपते तेव्हा गुडघा खोल वाकतो आणि तोल सावरायला हात उघडतात. उजव्या पायावर भिंगरी उतरली ती फुटपाथवरून रस्त्यावर उतरावं तशी.

"उजव्यावर परत मार."

खूण तिथेच पडली. अगदी तिथेच.

फिजिओने कपाटातून चेंडू काढला आणि ती समोरच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. "आता मी वर फेकते. उडी मारून हवेत पकडायचा. आधी उजवा."

चेंडू सुटला आणि भिंगरी उडाली. हात वर, नजर चेंडूवर. पकडून उतरली तेव्हा खडूच्या दोन्ही खुणा तिच्या बऱ्याच मागे राहिल्या होत्या. तिने खाली पाहिलं आणि चेंडू पोटाशी धरला.

"डावा."

डाव्यावर तिची बोटं चेंडूपर्यंत पोचलीच नाहीत. चेंडू भिंतीवर आपटून टेबलाखाली गेला. उतरताना तिचा गुडघा आत वळला.

"चांगला पाय आखडता घेतेयस," फिजिओ म्हणाली. "कधीपासून?"

भिंगरीने मामांकडे पाहिलं.

"तिला बोलू नका," मामा म्हणाले. "डोकं माझं. मी म्हटलं, दोन टायर सारखे दिसायला हवेत ना? एकात हवा भरत नसेल तर दुसऱ्यातली थोडी सोडायची. गाडी जरा दबून चालते, पण चालते."

"मामा, ही गाडी नाही."

"ते कळतं हो मला. पण डावा पाय काही केल्या वाढेना. पोरगी रोज घाम गाळते, तुम्ही रोज मान हलवता."

फिजिओने भिंगरीला टेबलावर बसवलं आणि दोन्ही मांड्यांवर हात ठेवला. डावी अजून बारीकच होती. "धक्का आधी स्नायूंनी झेलायचा असतो. तो त्यांना झेपला नाही की लिगामेंटवर येतो. आणि डाव्याला जपायला तू नकळत सगळा भार उजव्यावर टाकतेयस. हा उजवासुद्धा इतके महिने बसून होता, तोही पहिल्यासारखा नाही. एक गुडघा गेला की दुसरा जाण्याचा धोका असतो. अशा मुली मी पाहिल्यात. मला तीन महिने दे."

"ताई, निवड समिती येत्या सामन्याला येतेय. पुढच्या वर्षी मी वयोगटात बसत नाही." भिंगरीचा आवाज चढला. "तीन महिन्यांनी कुणाला खेळून दाखवू? मामाच्या दुकानात पंक्चर काढायला येतात त्यांना?"

मामा यावर हसले नाहीत.

"मी सही करणार नाही," फिजिओ म्हणाली.

संध्याकाळी संघाचे सर आले. उभ्याउभ्याच त्यांनी आकडे वाचले. "हे तर बरोबर आहेत."

"खोटे आहेत. उजव्यावर ती पूर्ण जोर लावत नाही."

"मोजलेत तुम्हीच ना?"

"मीच. तरी खोटे आहेत. चेंडू फेकून परत उड्या घेतल्या, ते आकडे खाली लिहिलेत."

"चेंडू फेकून उड्या! हे कुठल्या नियमात बसतं?" सर वैतागले होते, पण वाईट माणूस नव्हता तो. "मॅडम, तिच्यासारखी मुलगी मला परत कधी मिळेल सांगा. तुमचं मत तुमच्यापाशी. मी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतो."

त्यांनी दाखवलं. त्या डॉक्टरांनीही मोजपट्टी लावून दोन्ही पायांवर उड्या मारून घेतल्या. आकडे छान जुळले. भिंगरीला त्यांनी खेळायला मोकळं सोडलं आणि पाठीवर थाप मारली.

सामन्याच्या दिवशी फिजिओ बाकावर बसायला गेली. नाही गेली असती तरी चाललं असतं, पण मग बर्फाची पिशवी कुणा नवख्याच्या हातात असती. मामा स्टँडमध्ये पहिल्या रांगेत होते, इस्त्रीच्या शर्टात.

भिंगरी सुंदर खेळली. उजव्या हाताने फेकणारी खेळाडू एरवी डाव्या पायावरून उडते. भिंगरी उजव्यावरून उडत होती, उजव्यावरच उतरत होती. चेंडू नेहमीच्या तालापेक्षा वेगळ्या क्षणी सुटायचा, गोलकीपर फसायची आणि निवड समितीतली माणसं एकमेकांच्या कानाशी लागायची.

"बघितलंत?" सर आनंदाने फिजिओकडे वळले. "नवीनच चाल काढली पोरीने!"

"चाल नाही ती, सर. डाव्यावर ती पाय टेकायलाच तयार नाही. बाहेर काढा तिला."

"आत्ता? वेड लागलंय का तुम्हाला?"

उत्तरार्धात भिंगरी पुन्हा उडाली. चेंडू जाळ्यात गेला. ती उजव्या पायावर उतरली. जवळपास कुणीही नव्हतं, कुणाचा धक्का लागला नाही. गुडघा आत वळला आणि ती बसली. टाळ्या वाजतच होत्या. ती उठत नाही हे लोकांच्या ध्यानात यायला वेळ लागला.

फिजिओ धावत पोचली. भिंगरी रडत नव्हती. दोन्ही हातांनी गुडघा धरून ती छताकडे पाहत होती.

"उजवा आहे, ताई," ती म्हणाली. "आवाज आला आतून."

फिजिओने तिचे हात हळूच सोडवले. एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने नडगीचा वरचा भाग आणि नडगी अलगद पुढे ओढली. लिगामेंट शाबूत असलं की हाड थोडं सरकतं आणि ताणलेल्या दोरीसारखं टक्कन थांबतं. हे थांबलं नाही.

खात्रीसाठी दुसऱ्या गुडघ्याशी ताडून पाहायचं असतं. तिने हात डाव्या गुडघ्यावर नेले आणि तशीच ओढ दिली. डावा टक्कन थांबला.

एव्हाना मामा कठडा ओलांडून आत आले होते. शर्टाची एक बाजू बाहेर आली होती. "कुठला गेला?" त्यांनी विचारलं आणि फिजिओचे हात डाव्या गुडघ्यावर पाहून म्हणाले, "तोच का परत?"

"नाही. उजवा."

"उजवा कसा? उजव्याला तर काही झालंच नव्हतं." त्यांनी बर्फाच्या पिशवीकडे बोट केलं. "बर्फ लावून..."

"बर्फाने सूज उतरेल. ऑपरेशन लागेल, मामा. बहुतेक पहिल्याइतकंच मोठं."

"ताई," भिंगरीने विचारलं, "हा गोल धरला का?"

"धरला."

"त्यांनी बघितला?"

फिजिओने स्टँडकडे पाहिलं. निवड समितीतला एक जण उभा राहून इकडे पाहत होता. दुसरा शेजाऱ्याला राखीव बाकावरची एक मुलगी दाखवत होता.

"बघितला," ती म्हणाली.

पंच दोनदा येऊन गेले. स्ट्रेचर कुठेतरी कुलूपबंद होतं आणि किल्लीवाला सापडत नव्हता. शेवटी मामा खाली वाकले. फिजिओने त्यांना सांगितलं तसा त्यांनी एक हात भाचीच्या पाठीखाली घातला, दुसऱ्याने उजवी मांडी धरली आणि टाच जमिनीला लागणार नाही इतकी उचलून धरली. तसंच तिला घेऊन ते दाराकडे निघाले. मागे शिट्टी झाली आणि सामना पुन्हा सुरू झाला.