पाच बार

संग्रहालयात जुन्या हत्यारांची डागडुजी करणाऱ्या बाईंना सगळे मिस्त्रीण म्हणत. पहिल्यांदा कुणीतरी चिडवायला म्हटलं होतं, पण बाईंनी ते नाव असं काही मिरवलं की चिडवणाराच गप्प बसला. त्यांचे वडील शिकारीच्या बंदुका दुरुस्त करायचे. पोर त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली आणि शिकली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कामात कुणाला नाव ठेवायला जागा सापडली नव्हती.

हत्यारांच्या दालनात गर्दी असायची ती एकाच कपाटापुढे. तिथे तळहाताएवढं पिस्तूल होतं. एका माथेफिरूनं भर सभेत एका मंत्र्याला त्याच पिस्तुलानं मारलं होतं. लोक काचेला नाक लावून ते बघत. शेजारच्या कपाटात नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची एक लांबलचक ठासणीची बंदूक होती, पुढ्यात शिशाच्या पाच गोळ्या आणि खाली पाटी : ‘भित्र्याची बंदूक. पुलावरच्या लढाईत मेलेल्या या शिपायानं एकही बार उडवला नाही. नळीत पाच बार एकावर एक ठासलेले सापडले.’ ती वाचून लोक हसत आणि पुढे जात.

एके दिवशी एक निवृत्त बस ड्रायव्हर त्या पाटीपुढे बराच वेळ उभे राहिले, मग थेट संचालकांच्या खोलीत गेले. मिस्त्रीणबाई तिथे तेलाच्या डब्यांची मागणी घेऊन आल्या होत्या.

“तो शिपाई माझा पणजोबा,” ड्रायव्हर म्हणाले. “एकोणीस वर्षांचा होता. सैन्यात घेऊन वीस दिवस झाले होते. ती पाटी काढा.”

“लढाईनंतरच्या लष्करी अहवालात तसंच लिहिलंय, आजोबा,” संचालक म्हणाले. “ तुमच्याकडे काही पुरावा?”

“पुरावा कुठला आणू? आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. माझ्या आजोबांनी बापाचा फोटोसुद्धा भिंतीवर लावला नाही.”

संचालकांनी खांदे उडवले. मिस्त्रीणबाईंना ते खुपलं. म्हातारा रडत नव्हता, हात जोडत नव्हता. ताठ उभा होता.

“साहेब, नळी सगळ्यांनी तपासली,” त्या म्हणाल्या. “घोड्याखालची खुंटी कुणी बघितलीय का?”

“एक ओरखडा उठला तर जबाबदारी तुमची.”

“आजवर कुणाची होती?”

बंदूक त्यांच्या टेबलावर आली. या जातीच्या बंदुकीत एका पोकळ खुंटीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवतात. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपी फुटते आणि ठिणगी खुंटीच्या भोकातून आतल्या दारूपर्यंत जाते. बाईंनी भोकात बारीक तार घातली. तार अर्ध्यावर अडली. गंज असेल म्हणून तेल सोडलं. तरी अडलीच.

आता खुंटी काढणं भाग होतं, आणि ती गंजून एकजीव झालेली. जोर लावला तर पेच मोडणार. चार दिवस त्या तेलाचे थेंब सोडत राहिल्या, रोज पाना लावून केसभर हलते का बघत राहिल्या. पाचव्या दिवशी खुंटी फिरली.

भिंगाखाली सगळं लख्ख दिसलं. बंदूक वापरून झिजलेली, पण खुंटी नवी होती. लढाईच्या थोडंच आधी कुठल्यातरी दुरुस्तीखान्यात बदललेली. भोक पाडताना ड्रिलचं टोक आत तुटलं होतं आणि कारागिरानं ते तसंच ठेवून खुंटी बसवली होती. घोड्याच्या तोंडात फुटलेल्या टोप्यांचे चेपलेले तांब्याचे पापुद्रे होते. बाईंनी ते मोजले. पाच.

“हलकट,” बाई त्या कारागिराला उद्देशून म्हणाल्या. इतकं वाईट काम त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

संचालकांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “पण बार निघाला नाही हे त्याला कळलं नसेल?”

दोन दिवसांत बाईंनी तशीच बुजलेली खुंटी घडवली, एका रिकाम्या बंदुकीला बसवली, वर टोपी ठेवली आणि मागच्या अंगणात संचालकांना आणि ड्रायव्हरना उभं करून चाप ओढला. फाट्! धूर निघाला. संचालक दोन पावलं मागे सरकले.

“तुम्ही रिकाम्या अंगणात दचकलात,” बाई म्हणाल्या. “तिथे बाजूला तोफा होत्या. वीस दिवसांच्या शिपायाला काय कळणार? बार गेला असं समजून त्यानं परत ठासलं. आणि ठासायला उभं राहावं लागतं, साहेब, समोरून गोळ्या येत असताना. पाच वेळा.”

ड्रायव्हरनी ती खुंटी हातात मागून घेतली आणि बोटानं चाचपत राहिले.

संचालक आता भलतेच उत्साहात आले. ‘पुलाचा महावीर’ अशी मोठी पाटी करू, म्हणाले. बाईंनी नकारार्थी मान हलवली. “महावीर वगैरे मला लोखंडात दिसलं नाही. दिसलं तेवढंच लिहा. तेवढं पुरेसं आहे.”

“पुरेसं आहे,” ड्रायव्हरही म्हणाले.

महिन्याभरानं ते अख्खं घर घेऊन आले. बहीण, मुलं, सुना, नातवंडं. नवी पाटी थोरल्या नातीनं खणखणीत आवाजात वाचली : ‘या शिपायानं गोळ्यांच्या माऱ्यात पुलावर उभं राहून पाच वेळा चाप ओढला. बंदूक सदोष होती.’ पिस्तुलापुढची माणसं मान वळवून बघायला लागली, मग एकेक करून इकडे सरकली.

“आमच्या आजोबांचा पणजोबा आहे तो,” नात त्यांना सांगत होती, आणि ड्रायव्हर तिला अजिबात थांबवत नव्हते.