शेवटचं बटण

आत्या शिवणकाम करायची. सुट्टीच्या दिवशी कापड बेतायच्या टेबलावर आम्ही दोघं भाऊ तिच्याशी पोकर खेळायचो, पैशांऐवजी बटणांवर. डावात जेमतेम दोन बटणं असताना मी माझा अख्खा ढीग पुढे सरकवला, की ती कडाडायची, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!"

एकदा दादापुढे एकच बटण उरलं आणि आत्याने हातातली पानं टाकून दिली. मी ती उलटली, तर तीन राजे! मी भडकलोच.

ती म्हणाली, "नुसती पानं काय बघतोस? त्याचं बटण बघ. ते गेलं की तो उठणार. मग खेळायचं कोणाशी?"

आता आत्या नाही. काल त्याच टेबलावर आम्ही दोघंच खेळत होतो. माझ्यापुढे एकच बटण उरलं, तेव्हा दादाने तोंड वाकडं करत पानं पालथी टाकली.

मी ती उलटून पाहिली नाहीत.